जिवतीच्या मांडीवर

रघुवीररावांनी विषय काढला तो रविवारी सकाळी, मीनाक्षी अळूच्या पानांच्या शिरा काढत बसली होती तेव्हा. असले विषय कधी काढावेत याची माणसाला काही पोच हवी की नको? पण रघुवीरराव पडले विमा कंपनीतले. छत्तीस वर्षं लोकांच्या मरणाचे कागद शांतपणे वाचले त्यांनी, तेच वळण अंगात मुरलेलं. चष्मा पुसला, घसा खाकरला आणि म्हणाले, "काल नानागुरुजींशी बोललो मी."

"कशाबद्दल?"

"ध्रुवबद्दल. या श्रावणात बारा वर्षं होतात."

मीनाक्षीने मान वर केली नाही. बारा वर्षं होतात हे तिला सांगायला नानागुरुजी कशाला हवे होते? ध्रुव त्यांचा एकुलता एक. एकोणीस वर्षांचा असताना, श्रावणातल्याच एका शनिवारी, चपलेचा अंगठा शिवून आणतो म्हणून गिरगावच्या या चाळीतून खाली उतरला, तो परत आलाच नाही. ना भांडण, ना चिठ्ठी, ना परीक्षेची भानगड. पोलीस झाले, इस्पितळं झाली, पेपरात फोटो झाला, कोणी काही सांगितलं म्हणून नाशिक झालं, हरिद्वार झालं. नाक्यावरचा चपला शिवणारा तर शपथेवर सांगत होता की असा मुलगा त्या दिवशी आपल्याकडे आलाच नाही.

"बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही की करतात म्हणे," रघुवीरराव म्हणाले. "पळसाच्या पानांचा पुतळा करतात. तीनशेसाठ पानं. त्यालाच अग्नी द्यायचा आणि मग पुढचं सगळं रीतसर. गणपती झाले की करू म्हणतात. बाणगंगेला."

"आणि तो आला परत, तर?"

"त्याचीही सोय आहे. विचारलं मी. आलाच तर तो पुन्हा जन्माला आला असं धरतात. जातकर्म, बारसं, सगळं नव्याने करायचं."

"एकतीस वर्षांच्या घोड्याचं बारसं!" मीनाक्षीने पान ताटात आपटलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? जिवंत मुलाला जाळायला निघालात?"

रघुवीरराव शर्टाच्या वरच्या बटणाशी चाळा करत म्हणाले, "गेल्या वर्षी दोन स्टेन्ट घातलेत माझ्या छातीत. उद्या मी गेलो तर त्याचं कोण करणार? मला माझ्या हाताने करायचंय, मीना. पण तुझा होकार असेल तरच. तू नाही म्हणालीस तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. शब्द देतो."

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. होकाराचं ओझं असं सरळ तिच्या पदरात टाकून ते आंघोळीला निघून गेले, आणि मीनाक्षी त्या अळूकडे बघत बसली.

"शुक्रवार होऊ दे," ती बंद दाराकडे बघून म्हणाली. "शुक्रवारी दादरला माझी चित्रं आहेत. मग सांगते."

आता ही चित्रं म्हणजे काय ते सांगायला हवं. श्रावणात घरोघरी जिवतीचा कागद लावतात, तो आठवत असेल. वर खांबातून निघालेला नरसिंह, मग कालियाच्या डोक्यावरचा कृष्ण, मध्ये पोराबाळांनी वेढलेल्या जरा आणि जिवंतिका, खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. मुलांच्या जिवाची राखण करणारी ही देवी. दर शुक्रवारी आईने तिची पूजा करायची आणि मुलांना ओवाळायचं. ध्रुव गेला त्याच्या पुढच्या श्रावणात वाण्याने दिलेला कागद मीनाक्षीच्याने भिंतीला लावला गेला नाही. त्या कागदावरची सगळी पोरं तान्ही, आणि हिचा पोरगा मिसरूड फुटलेला. देवीला कळणार कसं कोणाला राखायचं ते? म्हणून तिने स्वतःच कॅनव्हास घेतला आणि जिवती रंगवली. देवीला नेसवलं नऊवारी, बसवलं चाळीच्या गॅलरीत, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला वीस वर्षांचा ध्रुव काढला.

कलेचं शिक्षण होतं, शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेली होती, हात चांगलाच होता. पण या चित्रांत जे उतरलं ते आधी कधी उतरलं नव्हतं. दर श्रावणाला एक जिवती. दर वर्षी देवी तीच आणि मांडीवरचा मुलगा एका वर्षाने मोठा. लोक बघायला यायला लागले, प्रदर्शनं लागली, मासिकांतून लेख आले. भाविक बायका चित्रासमोर हात जोडायच्या. मीनाक्षीला त्या कौतुकाचं फारसं काही नव्हतं. तिच्या लेखी तो एक रोखठोक व्यवहार होता. मी तुला दर वर्षी त्याचा चेहरा दाखवते, तू त्याला राख.

शुक्रवारी विनीत टेम्पो घेऊन आला. विनीत ध्रुवच्याच वर्गातला, खालच्या मजल्यावरचा. नववीत असताना त्याची आई गेली, आणि तेव्हापासून त्याचं संध्याकाळचं खाणं मीनाक्षीकडे. तिच्याच हाताखाली चित्रकला शिकला आणि आता दादरच्या एका कला महाविद्यालयात शिकवतो. दर श्रावणात येऊन काकूंचा कॅनव्हास चौकटीवर ताणून द्यायचा, खिडकीशी बसून चहा प्यायचा, रंग मिसळून द्यायचा. महाविद्यालयातल्या मुलांना काकूंची चित्रं दाखवावीत, हे गेली तीन वर्षं त्याचं चाललं होतं.

"हे अर्धवट आहे की काकू," बारावा कॅनव्हास उचलताना तो म्हणाला. त्यावर मुलगा पूर्ण झाला होता, देवीची जागा मात्र कोरी होती.

"असू दे. पोरांना कळू दे मी कशी काढते ते. आधी मूल, मग देवी. उलटं नाही जमत मला."

विनीत काहीतरी बोलणार होता. मग नुसता "बरं" म्हणाला आणि त्याने कॅनव्हास जुन्या चादरीत गुंडाळला. सकाळी चित्रं गेली आणि दुपारी दोनला मीनाक्षी टॅक्सीने गेली. निघताना रघुवीरराव दारापर्यंत आले होते. छत्री तेवढी हातात दिली.

वर्ग मोठा होता, चाळीसेक मुलंमुली जमिनीवरच मांडी घालून बसली होती. मीनाक्षीने आधी जिवतीची गोष्ट सांगितली, मग कागदावर कोण कोण असतं ते फळ्यावर झरझर काढून दाखवलं. तिची बोलायची तऱ्हा शाळेतल्या बाईंची, मध्येच कोणी कुजबुजलं की "काय रे, आम्हालाही सांग" म्हणणारी. पोरं लगेच रमली.

"आणि मूल परगावी असेल तर?" तिने विचारलं. "ओवाळणार कोणाला? अशा वेळी आई चारी दिशांना अक्षता टाकते. पूर्वेला, पश्चिमेला, दक्षिणेला, उत्तरेला. जिथे असेल तिथे त्याच्या डोक्यावर पडतात, असा समज आहे. मी बारा वर्षं टाकतेय."

मागच्या रांगेतून नायगावच्या बीडीडी चाळीतला एक उंच मुलगा, संघर्ष नावाचा, हात वर करून उभा राहिला. "मॅडम, राग मानू नका. पण तुम्हाला खरंच वाटतं का, की चित्र काढलं म्हणून कोण वाचतं? म्हणजे आमच्याकडे हे देवीचं वगैरे नाहीय, म्हणून विचारतोय."

"राग कसला त्यात? चांगला प्रश्न आहे." मीनाक्षी खुर्चीत जरा पुढे सरकली. "तुझी आई तू रात्री उशिरा आलास की काय करते?"

"जागी राहते. शिव्या घालते."

पोरं हसली.

"ती जागी राहिली म्हणून तुझी बस लवकर येते का? नाही ना? तरी जागते. हे माझं जागणं आहे, बाळा. फक्त मी झोपले आणि नेमकं तेव्हाच त्याला काही झालं तर, या भीतीने बारा वर्षं मी झोपलेली नाही. मला खात्री आहे की तो आहे. का आहे ते विचारू नकोस. मी दर वर्षी काढते आणि दर वर्षी तो येतो हातात. कपाळ जरा मागे जातं, गाल उतरतात, मान भरते. मी फोटो समोर ठेवत नाही. आईला फोटो लागत नाही."

संघर्ष "थँक्यू मॅडम" म्हणून खाली बसला. काही मुलींनी डोळे पुसले. विनीत दाराशी उभा होता. तो चहाचं बघतो म्हणून बाहेर गेला.

मग मीनाक्षी उठली आणि मुलांना घेऊन भिंतीकडे गेली. चित्रं वर्षवार लावली होती. पहिल्या अकरा जिवत्यांना आघाडा आणि दूर्वांच्या ताज्या माळा घातलेल्या बघून ती हरखलीच.

"ह्या कोणी केल्या गं?"

"माझ्या आईने, मॅडम," पुढची एक ठेंगणी मुलगी लाजत म्हणाली. "मी आकांक्षा. डिलाईल रोडला राहते. आज शुक्रवार ना, आई म्हणाली, जिवतीला बिनमाळेची ठेवू नको."

"आईला माझा नमस्कार सांग हो."

एकेका चित्रापाशी थांबत, रंग कसा लावला, गॅलरीचे कठडे कुठे वाकडे झाले, असं सांगत सांगत ती शेवटपर्यंत पोचली. बारावं चित्र कोपऱ्यापलीकडच्या भिंतीवर होतं. ती वळली आणि तिथेच थबकली.

कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर एकटा माणूस, मान एका बाजूला कललेली, आणि त्या चौकटीला झेंडूचा जाडजूड हार. केशरी, लठ्ठ, मध्ये जरीचा गोंडा असलेला. कोणाच्याही घरात शिरावं आणि भिंतीवर जे बघून आपण आवाज खाली आणतो, अगदी तसलं ते दिसत होतं.

"कोणी घातला?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"कोणी घातला म्हणते मी!" मीनाक्षीने हार ओढला. दोरा तुटला आणि फुलं फरशीभर झाली. "जिवंत माणसाच्या तसबिरीला हार घालतात? घरी कोणी काही शिकवतं की नाही तुम्हाला? लाज नाही वाटत?"

आकांक्षा पुढे आली. "मॅडम, मी घातला. सॉरी. आम्हाला वाटलं, म्हणजे आम्ही सत्कार म्हणून घातला. सरांचा."

"कोणाचा?"

"विनीत सरांचा. हे सरच आहेत ना?"

मीनाक्षीला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय ते. संघर्ष मैत्रिणीला वाचवायला मध्ये पडला. "मॅडम, तिची चूक नाही. सकाळी चित्रं लावताना आम्ही सगळ्यांनीच ओळखलं. सातव्या चित्रापासून सरच आहेत. पहिली सहा वेगळी आहेत, तो दुसरा मुलगा आहे. आम्हाला वाटलं, सर तुमच्यासाठी मॉडेल म्हणून बसतात आणि आम्हाला सांगत नाहीत. म्हणून गंमत केली."

तेवढ्यात विनीत चहाचा ट्रे घेऊन दारातून आत आला. मीनाक्षीने त्याच्याकडे बघितलं आणि मग चित्राकडे.

तोच जबडा. कानाची तीच जाड पाळी. वरचा ओठ जरासा उचललेला, विनीतचा लहानपणापासून असतो तसा. डाव्या भुवईचं टोक वर गेलेलं. एकेक करून तिला दिसत गेलं, आणि चाळीस पोरांना सकाळी पाच मिनिटांत दिसलेलं तिला सहा वर्षांत दिसलं नव्हतं. ती मागे वळली, सातव्या चित्रापाशी गेली, मग सहाव्याशी, मग परत सातव्याशी. सहाव्यातल्या मुलाचा चेहरा पुसट होता, बिचकत काढल्यासारखा. सातव्यात एकदम ठसठशीत, जिवंत. त्या वर्षी तिला किती आनंद झाला होता! ध्रुव आता कसा स्वच्छ दिसायला लागला, असं ती रघुवीररावांना म्हणाली होती. ते चित्राकडे बघून नुसते "हं" म्हणाले होते. म्हणजे त्यांनाही कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं.

"मॅडम, पाणी आणू?" कोणीतरी विचारलं.

"नको."

तिने पर्स उचलली. आकांक्षा फरशीवर बसून फुलं गोळा करत होती, तिच्याकडेही मीनाक्षीने पाहिलं नाही. विनीत जिन्यात तिच्या मागे धावत आला.

"काकू, थांबा ना. काकू!"

"तुला माहीत होतं?"

तो दोन पायऱ्या वर उभा होता. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. "हो."

"कधीपासून?"

"पहिल्याच वेळी कळलं. सातव्याला."

"आणि तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? दर वर्षी समोर येऊन बसायचास, चहा ढोसायचास माझ्या घरी!"

"सांगणार होतो काकू. दर वर्षी ठरवायचो. आई गेल्यावर मला कोणी ओवाळलं नाही. तुम्ही त्या चित्राला ओवाळायचात ना, मी खिडकीत बसून बघायचो. वाटायचं, असू दे. कोणाचं काय बिघडतंय?"

"माझं बिघडलं," मीनाक्षी म्हणाली. "सहा वर्षं मी तुझ्यासाठी आयुष्य मागत बसले रे. तिकडे त्याचं काय झालं असेल?"

विनीतला रडू फुटलं. एकतीस वर्षांचा बाप्या, जिन्यात उभा राहून मनगटावर तोंड दाबून रडत होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मीनाक्षीने त्याला जवळ घेतलं असतं. आज तिचा हात उठला नाही. ती खाली उतरली, टॅक्सीला हात केला आणि निघून आली.

घरी येऊन तिने कपाट उघडलं. ध्रुवचे फोटो होते, नव्हते असं नाही. मुंजीतला, दहावीच्या निकालाचा, ओळखपत्रावरचा. पण ते कागद झाले होते. ओळखपत्रावरच्या मुलाकडे बघून तिला वाटलं, हा कोण? डोळे मिटून त्याला आठवायला जावं तर विनीत यायचा. विनीतला हाकलावं तर कोरी जागा. तिने पेन्सिल घेतली आणि रात्रीपर्यंत अकरा कागद खराब केले. बाराव्यावर नुसता कान काढला, तोही विनीतचाच निघाला.

रघुवीरराव दोनदा डोकावून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं ना? चित्रातला तो नाही ते?"

ते पलंगाच्या कडेला टेकले. "तुला दिसत होता ना तो. मग मी कशाला बोलू?"

"सगळे मेले माझ्यावर दया करत बसले," ती म्हणाली, पण रागाला जोर नव्हता. तिने पदराने नाक पुसलं. "सांगा गुरुजींना. करू या. मी राखण करतेय म्हणत होते आणि मला त्याचा चेहरासुद्धा राखता आला नाही. मी कोण नाही म्हणणारी?"

त्या श्रावणात पुढच्या शुक्रवारी तिने पूजा केली नाही. आकांक्षाला मात्र तिने फोन केला. विनीतकडून कळलं होतं की पोरगी दोन दिवस वर्गात आली नाही. "तुझी काही चूक नव्हती गं," मीनाक्षी म्हणाली. "नजर चांगली आहे तुझी. ती सोडू नकोस."

"मॅडम, बारावं चित्र पूर्ण करणार तुम्ही?"

"नाही."

आकांक्षा म्हणाली, "आई विचारत होती, तुम्ही जेवता का नीट." मीनाक्षीने हो म्हणून फोन ठेवला.

गणपती झाले आणि गुरुजींनी दिलेल्या दिवशी सकाळी ती दोघं बाणगंगेला गेली. अशा वेळी बायका येत नाहीत, असं नानागुरुजी चाचरत म्हणाले. मीनाक्षीने त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढे ते त्या विषयावर बोलले नाहीत. विनीत येऊ का म्हणून विचारत होता, त्याला तिने नको सांगितलं.

स्मशानाच्या एका कडेला गुरुजींनी दर्भ अंथरले आणि त्यावर पळसाची पानं मांडायला घेतली. डोक्याला चाळीस, मानेला दहा, हातांना शंभर. रघुवीरराव पानं मोजून देत होते, दोनदा आकडा चुकला. हळूहळू माणूस दिसायला लागला. मीनाक्षी उभी राहून बघत होती. चित्रकाराची नजर मेली गप्प कशी बसणार? पाय आखूड झालेत, असं तिच्या मनात आलं. ध्रुव उंच होता. ती वाकली आणि पावलांची पानं वीतभर खाली सरकवली. गुरुजींनी ती तशीच राहू दिली.

डोक्याच्या जागी नारळ ठेवला. गुरुजींनी गंधाची वाटी पुढे केली. "बाई, तुम्ही चित्रकार आहात. नाकडोळे काढायचे असतील तर काढा. शास्त्रात हवंच असं नाही, पण माणसांना बरं वाटतं."

मीनाक्षीने दर्भाची काडी गंधात बुडवली आणि नारळावर धरली. हात अधांतरी राहिला. थोड्या वेळाने तिने काडी खाली ठेवली. "मला येत नाही काढता."

"मग नुसतं गंध लाव," रघुवीरराव हलक्या आवाजात म्हणाले. "ओवाळायचीस तेव्हा लावायचीस तसं. कपाळाला."

तिने अनामिका वाटीत बुडवली, पुढे झाली, आणि एकाएकी हात मागे घेतला.

"नको," ती म्हणाली. "पुसून टाकेल तो."

रघुवीरराव बघतच राहिले.

"पुसायचा नाही का? मी लावलं की लगेच. माझी पाठ वळायच्या आत. आणि मी बघितलं की वर तोंड करून सांगायचा, आई, घामाने गेलं." ती बोलत होती आणि बोलता बोलता तिच्या डोळ्यांपुढे तो मनगट कपाळावरून नेत होता, डोळे बारीक करून, पकडला गेल्यावर हसायचा तसा खालचा ओठ दाताखाली धरून. नाक जरासं बसकं. हनुवटीवर तीन-चारच केस, त्यांचा त्याला कोण अभिमान. तिचा ध्रुव. तो समोर इतका स्वच्छ उभा होता की ती एक पाऊल मागे सरली. बारा चित्रांत मेला असा एकदाही आला नव्हता.

"आला," ती म्हणाली. "अहो, आला तो. दिसला मला."

एव्हाना गुरुजींनी रघुवीररावांच्या हातात पेटलेला काकडा दिला होता. त्यांनी तो मागे धरला. "मीना, नको करायचं का? अजून वेळ गेलेली नाही. सांग. घरी जाऊ या."

"मुहूर्त जाईल हो," नानागुरुजी म्हणाले, पण त्यांनीही घाई केली नाही.

मीनाक्षी रडत होती. आवाज न करता, डोळे न मिटता, कारण मिटले आणि तो गेला तर? एकोणीस वर्षांचाच होता तो. पुढे एक दिवसही मोठा झालेला नव्हता. पुढची बारा वर्षं त्याच्यावर तिनेच चढवली होती, कॅनव्हासमागून कॅनव्हास, आणि एवढंसं पोर त्या सगळ्याखाली चेंगरून गेलं होतं. ती त्याला बघत राहिली. भूक लागलेल्या माणसाने खावं तसं बघितलं, नाक, ओठ, कपाळ, सगळं. तो मोठा होत नव्हता. होणार नव्हता.

मग तिने पदर खोचला, पुतळ्याच्या डोक्याशी जाऊन बसली आणि नारळाच्या शेंडीवरून एकदा हात फिरवला.

"द्या अग्नी," ती रघुवीररावांना म्हणाली.